पंच्याऐंशी बिल्ले

रुखमाबाईच्या गोठ्यात एकवीस शेळ्या होत्या आणि त्यांच्या अंगावर तीनशे चौदा गोचीड. बाकी करंजटोल्याच्या वस्तीत चौसष्ट शेळ्या, चोवीस बैल, अकरा गाई आणि सात म्हशी. या एकशे सहा जनावरांवर मिळून एक गोचीड सापडला, तोही मेलेला.

रंभा निमगडेने शेवटच्या म्हशीचा कान सोडला, चिमटा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि ती गोठ्याबाहेर आली. दोन दिवस वाकून वाकून कंबर धरली होती. बाबूभाई जीपच्या सावलीत चाकाला पाठ लावून बसला होता. चंद्रपूरच्या सरकारी रोगतपासणी केंद्राची जीप तो चालवी, आणि जीप उभी असली की मॅडमच्या कामावर शेरे मारी.

"किती झाले?"

"एक. मेलेला."

"मंग चांगलंच हाय ना मॅडम. गाव साफ निघाला."

"साफ नाई निघाला, बाबूभाई. धुतलेला निघाला."

तिने आपली बोटे त्याच्या नाकापुढे धरली. बाबूभाईने हुंगून तोंड वाकडे केले. "तमाकू?"

"म्हशीच्या कानात, बकऱ्यायच्या काखेत, सगळीकडं. तमाकूचं पाणी आन वरून करंजाचं तेल."

"पोळा झाला ना परवा."

"पोळ्याले बैल धुतेत. बकऱ्या कोण धुते?"

"आमी धुतो," बाबूभाई म्हणाला. "ईदच्या आदल्या दिशी. पण त्याच्यानंतर तिचं काय होते ते तुमाले ठाऊकच हाय."

रंभा हसली नाही. चूक कोणाची, हे शोधायला तिला लांब जावे लागणार नव्हते. पंधरा दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा टोल्यावर आली तेव्हा माणसे जमवून तिनेच सांगितले होते, की आषाढात इथे जो ताप आला तो गोचिडांमुळे आला असावा; ज्याच्या जनावरांवर गोचीड जास्त त्याने जपून राहावे; पोळा झाला की आम्ही घरोघरी येऊन मोजणार. तोवर जनावरांना काही लावू नका, हेही ती म्हणाली होती, पण अगदी शेवटी, लोक उठता उठता. तिच्या मनात ती सूचना होती. लोकांनी ती झडती समजली. आणि झडती येणार म्हटल्यावर कोणताही शहाणा माणूस जे करील तेच टोल्याने केले. शेवटचे वाक्य लक्षात ठेवून पाळले ते एकट्या रुखमाबाईने.

रुखमाबाईला ते पाळायला कारण होते. आषाढात तिचा नवरा झाडू तापाने पडला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि नवव्या दिवशी तो गेला. पाठोपाठ वामनरावांचा पुतण्या लच्छू पडला. तो वाचला, पण अजून काठी धरून चालत होता. वामनराव म्हणजे टोल्यातले सर्वांत मोठे घर. त्यांचा शब्द खाली पडत नसे. लच्छूने महिनाभर आधी झाडूकडून एक बोकड घेतला होता. टोल्याने एवढ्यावरून गणित मांडले: ताप झाडूच्या कळपातून आला, कळप गेला की ताप जाईल. रुखमाबाईच्या शेळ्यांना बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, पाणी पाजायला बंदी झाली. जंगलाची वाट अजून उघडी होती. ती बंद करायची की नाही हे सरकारी तपासणीनंतर ठरायचे होते.

रंभाला या गणिताची भीती वाटत होती, कारण आता तिची तपासणी नेमके तेच उत्तर देणार होती. गोळा केलेले गोचीड जात आणि वय पाहून वेगळे करायचे, तीस-तीसचे गट पाडून नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवायचे आणि आगगाडीने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे ते वाटून उंदराच्या नवजात पिल्लांना टोचत. पिल्ले आजारी पडली तर त्या गटात विषाणू आहे. पण गट सगळे रुखमाबाईचे. विषाणू सापडला तर तो तिच्याच कळपात सापडणार, दुसरीकडे शोधायला गोचीडच नव्हते. एकच खोली धुंडाळायची आणि चोर याच घरात राहतो असे जाहीर करायचे, तशातली गत.

ती रुखमाबाईच्या अंगणात जाऊन बसली आणि कुप्या उन्हातून सावलीत घेतल्या. प्रत्येक कुपीत गवताची एक ओली काडी होती, आणि तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला.

"पानी बी पाजतेस काय त्यायले?" रुखमाबाईने विचारले. पन्नाशीच्या आतली, हाडापेराने मोठी बाई. बोलताना हात चालू असत. आत्ता ती पळसाची पाने एकमेकांना टाचत होती.

"काडीचा ओलावा पुरते. गोठवेपर्यंत जित्ते राह्यले पायजे. मेल्यावर आतला विषाणू बी मरते."

"पंधरा दिस पोसले मी ते तुह्यासाठी. बकऱ्या सुकून गेल्या माह्या. आन हे येचाले बीएस्सी करा लागते?"

"येचाले नाई लागत. ओळखाले लागते."

"घरचे काय म्हणतेत?"

"बाबा शाळेत मास्तर हायेत, सावली गावाले. म्हणतेत, सरकारी हाय ना, मंग कर."

"आन माय?"

"माय कोनाले सांगतच नाई मी काय करतो ते."

रुखमाबाई पहिल्यांदा हसली. मग पान टाचता टाचता म्हणाली, "माहा नवरा नखानं चिरडे. सांजच्याले बकऱ्या आल्या का बसे अन् एकेक काढून टक टक चिरडे. बोटं लाल होत. लच्छू बोकड न्याले आला तवा तो बी बसला होता संगं. दोघं बी चिरडत होते, गोष्टी करत."

रंभाने हातातली कुपी खाली ठेवली. "नखं कुरतडाची सवय होती काय त्याले?"

"होती."

"बाकीचे कसे काढतेत?"

"कोनी इस्तवात टाकतेत, कोनी दगडाखाली. आमच्या घरी चिरडाचीच रीत."

हे रंभाने लिहून घेतले. गोचीड सगळ्यांकडे असतील, आणि फक्त चिरडणाऱ्याला ताप आला असेल. असेल, पण असेल म्हणजे आहे नव्हे. ते दाखवायचे तर बाकीच्या शेळ्यांनाही हा विषाणू कधी झाला होता का, ते पाहायला हवे होते. गोचीड धुऊन गेले होते. पण शेळीच्या अंगात विषाणू शिरला की तिचे रक्त त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते, आणि ती पुढे कित्येक महिने रक्तात राहतात. तंबाखूच्या पाण्याला ती लागत नाहीत. जीपमध्ये सुया होत्या, काचेच्या शंभर बाटल्या होत्या.

ती उठली आणि वामनरावांच्या पडवीत गेली. पडवीत चार-पाच माणसे होती, कोपऱ्यात लच्छू काठी मांडीवर आडवी घेऊन. वामनरावांनी खाट सरकवली.

"झाली मोजनी?"

"झाली. जनावरं धुतले ते बरं केलं. साफ ठेवणं काही गुन्हा नाई."

वामनरावांनी आजूबाजूला पाहिले.

"पण आता मले बकऱ्यायचं रगत पायजे," रंभा म्हणाली. "मानेच्या शिरेतून, थोडंसं. सगळ्यायच्या."

"काऊन? आमच्या जनावरायवर गोचिड नाई, तं बेमारी बी नाई."

"गोचिड तमाकूनं जाते. रगतातली खूण नाई जात."

"अन् निघाली आमच्यात खूण, तं?"

"तं सगळ्यायच्यात हाय असं समजन. कोनाचंच नाव घेनार नाई."

"अन् नाई निघाली?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होते. उत्तर मात्र तिने पडवीच्या पायऱ्या चढताना ठरवले होते, आणि ते बरोबर की चूक याची तिला खात्री नव्हती. "नाई निघाली, तं ताप रुखमाबाईच्याच कळपात हाय असं मी लेहून दीन. माह्या सहीनं."

पडवीत हालचाल झाली. वामनराव पुढे झुकले. "आत्ता लेहून देता?"

"आत्ता देतो."

"मॅडम, एक सांगतो, राग नका मानू. तुमी दोन दिस तिच्याच अंगणात बसल्या. उद्या कोनाचं रगत कोन्या बाटलीत गेलं हे आमाले कसं समजन?"

त्या माणसाचा तिला राग यायला हवा होता. पण शंका रास्त होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतही हीच शंका काढली असती, फक्त इंग्रजीतून. "मंग असं करू," ती म्हणाली. "कोनाची बकरी कोनती हे मले समजूच नका देऊ."

मोजलेल्या जनावराला खूण करायला तिच्याजवळ पत्र्याचे बिल्ले होते. बाबूभाईचा साळा कमरुद्दीन चंद्रपूरला पत्र्याच्या पेट्या ठोकायचा. उरलेल्या कातरणातून त्याने एकपासून शंभरपर्यंत आकडे ठोकून दिले होते. ठरले ते असे: सगळ्या पंच्याऐंशी शेळ्या खळ्यात एकत्र करायच्या. बायकांनी टोपलीतून हाताला येईल तो बिल्ला घेऊन कोणत्याही शेळीच्या गळ्यात बांधायचा. रंभाने फक्त बिल्ल्याचा आकडा बाटलीवर लिहायचा. रक्त काढून झाले की ज्याने त्याने आपल्या शेळ्या ओळखून न्यायच्या आणि ती परत येईपर्यंत बिल्ले सांभाळायचे.

"बकरी मेली, विकली, खाल्ली, तरी बिल्ला ठेवाचा," तिने सांगितले. या वेळी ते तिने आधी सांगितले, आणि प्रत्येकाकडून म्हणून घेतले.

पडवी उतरली तर खाली रुखमाबाई उभी. तिने सगळे ऐकले होते.

"तू माह्या बकऱ्यायवर सही देतो म्हनलीस."

"हो."

"मले इचारलं नाई."

"नाई इचारलं."

"मंग आता इचार."

"रुखमाबाई, त्यायच्या बकऱ्यायत नाई निघालं, तं तुमच्यावर येईन. लेहून देऊ का?"

रुखमाबाईने लुगड्याच्या पदराने हात पुसले, जणू कागद तिलाच धरायचा होता. "तुले काय वाटते, निघन?"

"वाटते. पण ठाऊक नाई."

"ठाऊक असतं तं तू सुई काऊन घेतली असती," रुखमाबाई म्हणाली. "दे लेहून."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खळ्यात शेळ्यांच्या ओरडण्याचा कहर झाला. रंभाने एक-एक शेळी गुडघ्यांत धरली, मानेवरचे केस कापले, अंगठ्याने शीर दाबून सुई घातली. पहिल्या दहांपैकी चार वेळा शीर हुकली. पुढे हात बसला. बायकांना तमाशा मिळाला होता. गिरजाबाई नावाची म्हातारी आपली शेळी ओढत आली तेव्हा शेळीने रंभाला खाली पाडले.

"हे बकरी माह्या सासूवर गेली हाय," गिरजाबाई म्हणाली. "रगत काढशीन तं जपून, जहर निघन."

शेळ्या संपता संपता ऊन कलले. बाबूभाई बाटल्या कापसात गुंडाळत होता. नायट्रोजनच्या कॅनचे झाकण उघडले की पांढरा धूर जमिनीवर उतरे आणि पोरेसोरे मागे पळत. संध्याकाळी लच्छू काठी टेकत आला, बिल्ले मोजले, पंच्याऐंशी भरले असे काकाला जाऊन सांगितले. त्याला तिने विचारले, चिरडत होतास का रे. तो म्हणाला, हो. मग आपल्या नखांकडे पाहत राहिला.

गोचिडांचे अकरा गट डिसेंबरात तपासून झाले. दोन गट टोचलेली पिल्ले आजारी पडली: पाचव्या दिवशी दूध तुटले, सहाव्या दिवशी मागचे पाय ओढू लागली. विषाणू सापडला. चंद्रपूरच्या केंद्रात पेढे आले. जंगलपट्टीतून मिळालेला पहिलाच, असे पत्रात होते, आणि गोळा करणाऱ्यांत रं. निमगडे हे नाव टंकलेले होते. रंभाने पत्र दोनदा वाचले. पेढा हातात तसाच राहिला.

पत्राची प्रत तालुक्याला गेली होती. तालुक्यातून बातमी एस.टी.त बसली आणि रंभाला जीप मिळायच्या आत करंजटोल्यावर उतरली. बातमी म्हणून जेवढे पोचले ते एवढेच, की रुखमाबाईच्या बकऱ्यांच्या गोचिडांत ताप निघाला. रक्ताचे अजून व्हायचे आहे, हा भाग वाटेत कुठेतरी गळला. जानेवारीत रंभा गेली तेव्हा जंगलाच्या वाटेवर बाभळीचे काटे ओढलेले होते आणि रुखमाबाईच्या गोठ्यात सहा शेळ्या होत्या.

"बाकीच्या?"

"गोंडपिपरीच्या बाजारात." रुखमाबाई डोक्यावरचा पाल्याचा भारा उतरवत होती. "जंगलात न्याले मनाई, बोडीवर मनाई. एवढ्यायले पाला कोन आनन? सहाचा आनतो डोक्शावर."

मी पत्र पाठवू नका म्हणायला हवे होते, असे रंभाच्या तोंडापर्यंत आले. पण पत्र तिच्या हातात नव्हतेच. रुखमाबाईने तिच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला.

"तोंड नको पाडू. रगताचं कवा?"

"एप्रिल म्हणतेत."

"एप्रिल लय दूर हाय. आधी कर."

रंभाने परतीच्या वाटेवरच रजेचा आणि पुण्याला जाण्याचा असे दोन अर्ज मनात लिहिले. दुसऱ्याची गरज पडली, पहिल्याची नाही; केंद्राने तिला कामावर म्हणूनच पाठवले. पुण्याच्या प्रयोगशाळेत विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला समोर बसवून समजावले.

"रंभा, विषाणू हातात आहे. शेळ्यांचं रक्त पुढच्या टप्प्यात आहेच की. एप्रिलमध्ये लावू."

"मी लावते. शिकवा फक्त."

"एवढी घाई कशाची?"

"तुलना नाही, मॅडम. एकाच कळपाचे गोचीड तपासलेत आपण. बाकीच्यांचे नव्हतेच."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "हे अहवालात कुठे आहे?"

"चौथ्या पानावर. मीच लिहिलंय. खाली, बारीक."

"मग ते वर घ्यायला हवं," बाई म्हणाल्या आणि एका रिकाम्या टेबलाकडे बोट केले.

तिथे ती काम शिकली. प्रयोगशाळेच्या मागे या चाचणीसाठी पांढरे हंस पाळले होते. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लागत. खळगे पाडलेल्या प्लेटीत शेळीच्या रक्तातले पाणी पातळ करत न्यायचे, त्यात निष्प्रभ केलेला विषाणू घालायचा आणि शेवटी हंसाच्या पेशी. प्रतिपिंडे असली की पेशी तळाशी लाल ठिपका होऊन बसतात. नसली की खळगाभर पातळ जाळी पसरते. पहिल्या दोन प्लेटी तिने वाया घालवल्या. तिसरीपासून ठिपके आणि जाळ्या स्वच्छ दिसू लागल्या. प्रत्येक आकडा तिने दोनदा लावला, आणि दोन वेळचे उत्तर जुळले नाही तिथे तिसऱ्यांदा. सदतीस आकड्यांना ठिपका आला.

ते सदतीस आकडे कोणाचे, हे तिला ठाऊक नव्हते. रात्री वसतिगृहात पडल्यावर ती हिशेब घालून पाही. सदतीसमध्ये एकवीस बसतात. सगळेच्या सगळे बसतात. वर सोळा उरतात, ते कोणाचेही असू शकतात. मग ती कूस बदले.

माघात, धान मळून खळे रिकामे झाल्यावर, ती करंजटोल्यावर परतली. बाबूभाईने जीप बोडीच्या अलीकडेच थांबवली.

"मॅडम, गाडी तोंड फिरवून लावू?"

"काऊन?"

"निकाल उलटा निघाला तं निघाले बरं पडते."

"सरळच लावा," रंभा म्हणाली.

लोक खळ्यात आले होते ते बिल्ले घेऊन. बहुतेक बिल्ले शेळ्यांच्या गळ्यातच होते. काही कनवटीला, एक कोणाच्या पेटीच्या किल्लीला. तिघांनी येऊन सांगितले, की बिल्ला जंगलात पडला. वामनरावांनी लच्छूला मधोमध बसवले. ज्यांना आकडा वाचता येत नव्हता त्यांचा बिल्ला तो वाचणार होता. रुखमाबाई आपल्या सहा शेळ्या घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहिली.

"मी आकडा बोलीन," रंभाने सांगितले. "ज्याच्या बकरीच्या रगतात खूण हाय त्याचा आकडा. बिल्ला ज्याचा, त्यानं तो पुढं ठेवाचा. दोन."

"दोन माह्यी," गिरजाबाई म्हणाली. "सासूच निघाली पाय."

लोक हसले. "पाच," रंभा म्हणाली. "नऊ. अकरा."

पाच कोणाचाच निघाला नाही. तो हरवलेल्यांपैकी असणार. तिने त्याला फुली केली. नऊ वामनरावांचा. अकराही वामनरावांचा. हसू ओसरले. चौदा, सतरा, अठरा. खळ्याच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बिल्ल्यांचा ढीग होऊ लागला. वामनराव सुरुवातीला दर आकड्याला बोट मोडत होते. सातव्या बोटानंतर त्यांनी हात मांडीखाली घेतला. लच्छू आकडे वाचत होता तो आवाज न बदलता, शाळेत हजेरी घ्यावी तसा.

एकतीसला रुखमाबाईची एक शेळी निघाली. तिने गळ्यातला बिल्ला सोडला आणि पुढे आणून ठेवला. चाळीसलाही. पुढे बराच वेळ तिचा आकडा आला नाही. आणखी आठ आकडे कोणीच घेतले नाहीत; विकलेल्या शेळ्यांचे असतील म्हणून रंभाने त्यांनाही फुल्या केल्या. रंभाने वर पाहायचे नाही असे ठरवले होते, ते पाळले. शेवटचा आकडा ब्याऐंशी. तो एका म्हाताऱ्याचा होता; त्याने शेळी कधीच विकली होती, बिल्ला मात्र पागोट्यात खोचून आणला होता.

"झालं," रंभा म्हणाली. "आता कोनाचे किती ते मोजू."

वामनरावांनी खाकरून घेतले. ते रंभाकडे न पाहता बोलले. "तिच्या तं सहाच हायेत, मॅडम. सहातल्या दोन निघाल्या. तेवढंच धरा, झालं. तिच्यासाठी बी बरंच हाय ते."

"सहा नाई," रुखमाबाई म्हणाली.

ती खळ्याच्या मधोमध आली. कमरेचा पदर सोडून तिने सुतळीत ओवलेली एक माळ काढली. विकलेल्या पंधरा शेळ्यांचे पंधरा बिल्ले होते. बाजारात दावे दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तिने ते एकेक काढून घेतले होते. घासून घासून पत्रा चकचकीत झाला होता.

"एकवीस होत्या. एकवीस धर," ती रंभाला म्हणाली. "बोललेले आकडे पुन्हा बोल. मी ह्यातले काढतो."

लच्छू उठला. काठी तिथेच ठेवून, हात टेकत तो तिच्याजवळ आला आणि माळ वाचायला घेतली. रंभाने सदतीस आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचले. सुतळीची गाठ सोडून रुखमाबाई एकेक बिल्ला काढू लागली, मोजून जमिनीवर ठेवू लागली. वाचून संपले तेव्हा तिच्या सुतळीत आठ उरले. लच्छूने ढीग वेगळे केले, वामनरावांनी ते पुन्हा मोजले, आणि रंभाने उभ्यानेच निकाल वाचून दाखवला.

हरवलेले बिल्ले तीन, त्यांतल्या दोघांत खूण. रुखमाबाईच्या शेळ्या एकवीस, त्यांत खूण सापडली नवांत. बाकी करंजटोल्याच्या शेळ्या एकसष्ट, त्यांत सव्वीस. म्हणजे दोन्हीकडे शंभरात सुमारे त्रेचाळीस.